फिरत्या घरांचे प्रदर्शन : पाहावे काय, विचारावे काय?

प्रदर्शन म्हटले की गर्दी, रोषणाई आणि पिशवीभर माहितीपत्रके हे चित्र डोळ्यांपुढे येते. दिवसभर पाय दुखेपर्यंत फिरून घरी आल्यावर धंद्याच्या उपयोगाचे काय हाती लागले, असे विचारले तर मात्र अनेकांना उत्तर सुचत नाही. म्हणून आज आम्ही अशा एका प्रदर्शनाची ओळख करून देत आहोत, जिथे सुतार, गादीवाला, पत्र्याचे काम करणारा आणि वायरिंगवाला या सर्वांचा हुन्नर एकाच वाहनात एकत्र येतो. ते वाहन म्हणजे कारव्हॅन किंवा मोटरहोम, अर्थात चाकांवरचे घर.

जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ शहरात दरवर्षी ऑगस्टअखेर ‘कॅराव्हान सलोन’ भरते. या धंद्यातील हे जगातील सर्वांत मोठे प्रदर्शन समजले जाते. १९६२ साली ते एसेन येथे सुरू झाले आणि १९९४ पासून ड्युसेलडॉर्फला भरते. अलीकडच्या वर्षांत तेथे अडीच लाखांच्या आसपास लोक येतात. ते सगळेच नवी गाडी घ्यायला येत नाहीत. आपल्या जुन्या गाडीत काय सुधारणा करता येईल आणि प्रवासाचे कोणते सामान घ्यावे, हे पाहायला येणारेही पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी सुट्या भागांची व सामानाची वेगळी दालने असतात.

आधी वजनाचा हिशेब

जाणता ग्राहक अशा ठिकाणी किमतीच्या आधी वजन विचारतो. युरोपात ही वाहने बहुतांशी ३५०० किलोंच्या मर्यादेत बांधली जातात, कारण साध्या मोटारीच्या परवान्याची मर्यादा वर्षानुवर्षे तीच राहिली आहे. समजा, चालकासह तयार गाडीचे वजन ३००० किलो आहे. उरले ५००. आणखी तीन माणसे प्रत्येकी ७५ किलोंची धरली की २७५ उरतात. त्यात बाजूला उघडणारे छत ३० किलो, टपावरचे वातानुकूलन यंत्र ३० किलो, बॅटरीवर चालणाऱ्या दोन सायकली स्टँडसह ६५ किलो. आता हातात राहिले फक्त १५०. कपडे, अंथरूण, भांडी, अन्न आणि जादा पाणी यातच बसवायचे! पाण्याचा तर लिटरमागे एक किलो धरावा लागतो.

हा हिशेब चुकला तर नुसता दंड भरून सुटका होत नाही. जादा वजनाच्या गाडीला ब्रेक लागायला अंतर जास्त लागते, टायर तापून फुटतो आणि आत कुणाचे तरी कुटुंब बसलेले असते. म्हणून प्रदर्शनाला जाण्याआधीच गाडी वजनकाट्यावर नेऊन पुढच्या व मागच्या धुरेचे वजन वेगवेगळे लिहून घ्यावे. मग मोजपट्टी, वही आणि ती पावती घेऊन निघावे.

बारकाईने काय पाहावे?

सुताराने कपाटाचे दार उघडून कडेला पाहावे. तेथे पॉप्लरच्या हलक्या लाकडाचा प्लायवुड वापरतात. बर्चच्या प्लायवुडपेक्षा तो सुमारे एक तृतीयांश हलका असतो. आपल्याकडेही हरियाणातील यमुनानगर भागात पॉप्लरपासून प्लायवुड तयार होतो. दारांना साधी मूठ नसून दाबून बसणारे खटके असतात. वळणावर दार उघडून भांडी अंगावर पडू नयेत, हा त्यामागचा हेतू.

वायरिंगवाल्याने बॅटरीकडे लक्ष द्यावे. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी २८ ते ३० किलो भरते आणि तिचे आयुष्य टिकवायचे तर निम्मीच वीज वापरावी लागते. तेवढ्याच क्षमतेची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी साधारण १२-१३ किलोंची असून तिची जवळजवळ सगळी वीज वापरता येते. पण नुसती बॅटरी बदलून चालत नाही. तिला साजेसा चार्जर हवा, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज केल्यास खराब होते. स्टॉलवाला हे आपणहून सांगेलच असे नाही. ते आपणच विचारावे.

गॅसच्या कपाटाला तळाशी भोक असते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो खाली साचतो आणि त्या भोकातून बाहेर जातो. ते भोक नुसते धुळीपुरते म्हणून कुणी बुजवले तर ठिणगी पडायचाच अवकाश!

प्रदर्शनाच्या वाहनतळावर हजारो जण स्वतःची फिरती घरे घेऊन मुक्कामाला असतात. आमच्या मते खरी शाळा तीच. विकणारा गुण सांगतो, वापरणारा दोष सांगतो.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कारव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. त्यामुळे हे काम आपल्या कारागिरांकडेही येऊ शकते. मात्र एक सावधगिरी बाळगावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशिलाशी न जुळणारा बदल मालकाला मनास येईल तसा करता येत नाही. मोटर कारव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे. तेव्हा करवत हाती घेण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी. गिऱ्हाईक घाई करील, पण गाडी अडकली तर बोल कारागिरालाच लागतो.

ड्युसेलडॉर्फला जाणे प्रत्येकाला जमणार नाही. पण कोणत्याही प्रदर्शनात वस्तूचे वजन किती, वीज किती खाते आणि बिघडल्यास दुरुस्ती कुठे होईल, हे तीन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. उत्तरे वहीत उतरवून घेतली, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे.