होल्टर चाचणी : त्वचेची तयारी आणि रुग्णाची वही

जिना चढताना एकाएकी छातीत धडधडते, क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. पण रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत सारे शांत झालेले असते. साधा ईसीजी हृदयाचे कार्य जेमतेम १० सेकंद पाहतो. हृदय मात्र दिवसभरात सुमारे १ लाख ठोके देते. त्यातील बिघडलेले ठोके टिपण्यासाठी २४ किंवा ४८ तास छातीवर बाळगावयाचे यंत्र म्हणजे होल्टर मॉनिटर.

अमेरिकेतील मोंटाना राज्यातील शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस या यंत्राचा पहिला अवतार घडविला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते आणि ते पाठीवर वाहावे लागे. आज ते मुठीत मावते. त्वचेची अडचण मात्र तेव्हा होती तशीच आहे.

हृदयाचा विद्युतसंकेत त्वचेपाशी येईतो साधारण १ मिलिव्होल्ट एवढाच उरतो. त्याच्या वाटेत मृत पेशी, घाम व तेल यांचा थर आडवा येतो. म्हणून रुग्णाने स्नान करून यावे. अंगाला तेल, पावडर वा मलम लावू नये. इलेक्ट्रोड बसविण्याच्या जागेवरील केस काढून तंत्रज्ञ ती जागा स्पिरिटने पुसतो, पूर्ण वाळू देतो आणि कोरड्या गॉजने हलकेच घासतो. त्वचा किंचित गुलाबी व्हावी, सोलवटू नये. घाईच्या वेळी नेमकी हीच पायरी गाळली जाते. इलेक्ट्रोड स्नायूंवर न लावता छातीच्या मधल्या हाडावर व बरगड्यांवर लावतात, कारण हात हलला की स्नायूंचे संकेतही नोंदीत मिसळतात. वायर आधी इलेक्ट्रोडला अडकवून मगच तो चिकटविणे इष्ट. अन्यथा बटण दाबताना छाती दुखते आणि आतील जेल पसरते. शेवटी वायरला छोटा वळसा देऊन तो चिकटपट्टीने पक्का केला की ओढ थेट इलेक्ट्रोडवर येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? इलेक्ट्रोड सुटला तर नोंदीत सरळ रेषा उमटते आणि हृदय काही सेकंद थांबल्याचा भास होतो. वायर घासली गेली तर घातक अतिजलद ठोक्यांसारखे चित्र दिसू शकते. खरा खंड सर्व वाहिन्यांत एकाच वेळी दिसतो, हे जाणकार डॉक्टर ताडून पाहतात. पण सगळीच नोंद खराब असेल तर त्यांचाही नाइलाज होतो आणि चाचणी पुन्हा करावी लागते.

उरलेले काम रुग्णाचे. धडधड, चक्कर, दम लागणे, जेवण, झोप या साऱ्यांची वेळ वहीत लिहावी आणि त्यासाठीचे घड्याळ यंत्राशी आधीच जुळवून घ्यावे. धडधड जाणवली त्या क्षणीची नोंद निर्दोष निघाली, तरी तीही डॉक्टरांच्या उपयोगाची असते. अनेकजण यंत्र लावल्यावर दिवसभर पडून राहतात. ज्या जिन्यावर त्रास होतो तो चढलाच नाही, तर यंत्राला सापडणार काय? बहुतेक यंत्रे भिजू देऊन चालत नाही, म्हणून स्नान टाळावे. नेहमीची औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याविना थांबवू नयेत.

नेहमीचे होल्टर यंत्र केवळ नोंद साठविते, डॉक्टरांना काहीही कळवीत नाही. छातीत तीव्र कळ आली वा शुद्ध हरपली, तर अहवालाची वाट न पाहता रुग्णाला यंत्रासह तत्काळ रुग्णालयात न्यावे.