चुंबकांचा खेळ : चिकटले की पंचाईत

सध्या आमच्या चौथीच्या वर्गात मधल्या सुट्टीत एकच खेळ चालतो. गोट्या बंद, लगोरी बंद. आम्ही त्याचे नाव ‘चिकट’ ठेवले आहे. दुकानातही असा खेळ मिळतो, पण आम्ही घरच्या सामानातून केला. कसा ते सांगतो.

फळ्यावर कागद अडकवायची काळी गोल चुंबके असतात ना, ती लागतात. दोघांना मिळून सोळा, सगळी एका मापाची. शिवाय दीड हात दोरा. जाळे विणायचा दोरा चांगला, आणि आमच्या उरण तालुक्यात तो मागायला लांब जावे लागत नाही. मग एक पाट. लोखंडी टेबल नको, कारण चुंबक टेबलालाच घट्ट बसते आणि कोणी हरतच नाही. पाटसुद्धा बघून घ्यावा. जुन्या पाटाला खिळे असतात. आपल्याला दिसले नाहीत तरी चुंबकाला बरोबर कळतात!

दोऱ्याची टोके बांधून पाटावर गोल रिंगण करावे. प्रत्येकाने आठ चुंबके घ्यावीत. पाळीपाळीने एकेक चुंबक रिंगणात ठेवायचे. एकच हात वापरायचा, आणि एकदा सोडले की परत लावायचा नाही. टचकन आवाज होऊन चुंबके चिकटली, तर ज्याची पाळी असेल त्याने ती सगळी आपल्याकडे घ्यायची. कधी दोन चिकटतात, कधी एकदम पाच. ज्याचा हात आधी रिकामा होईल तो जिंकला.

आता यातली गंमत ऐका. चपट्या गोल चुंबकाची एक बाजू उत्तर ध्रुव असते आणि दुसरी दक्षिण ध्रुव. आम्ही सगळ्यांच्या एकाच बाजूला खडूने खूण केली. दोन चुंबके खूण वर करून शेजारी ठेवली तर ती एकमेकांना ढकलतात. एकाची खूण वर आणि एकाची खाली असेल तर उडी मारून चिकटतात. पण हेच खूण वर असलेले चुंबक दुसऱ्याच्या डोक्यावरून नेले, तर ढकलत नाही, खालचे चुंबक वर उचलून घेते! शेजारी असताना भांडण आणि डोक्यावर गेले की मैत्री. म्हणून हात कधी इतरांच्या वरून न्यायचा नाही. बाहेरून, खालून, हळूच आणायचा.

सगळ्यांनी खूण वरच ठेवली तर खेळ फार सोपा होईल, म्हणून आम्ही आपला नियम केला. एक चुंबक खूण वर, पुढचे खूण खाली. ढकललेले चुंबक गप्प बसत नाही, घसरत जाऊन तिसऱ्याला चिकटते. त्यामुळे फक्त जवळच्याकडे बघून भागत नाही. मी पट्टी ठेवून पाहिले, माझी चुंबके दोन सेंटीमीटरवर आली की उडी मारतात. पहिली चुंबके दोऱ्याच्या कडेला ठेवावीत. पोरे आधी मधली जागा पकडतात, मला ते पटत नाही.

डेन्मार्क देशात मिक्केल बर्टेलसन यांनी २०१४ साली ‘क्लास्क’ नावाचा खेळ तयार केला. त्यात लाकडी पटाखाली चुंबक धरून वरची सोंगटी फिरवतात आणि छोटा चेंडू समोरच्याच्या खड्ड्यात घालतात. मध्ये तीन छोटी पांढरी चुंबके असतात. त्यातली दोन आपल्या सोंगटीला चिकटली की समोरच्याला गुण. सहा गुण झाले की डाव संपला. म्हणजे तिकडेही चिकटले की पंचाईतच.

आता पालकांसाठी. करंज्याचा माझा मामा होडीवर चुंबक नेऊ देत नाही. आता जीपीएस आले तरी होडीत होकायंत्र असते, आणि चुंबक जवळ आले की त्याची सुई भलतीकडे वळते. धुक्यात मग बंदर कुठे शोधणार? एटीएमच्या कार्डाजवळही चुंबक ठेवू नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लहान भावंडे. माझी बहीण दोन वर्षांची आहे, दिसेल ते तोंडात घालते. एकापेक्षा जास्त चुंबके पोटात गेली तर ती आतड्याच्या आतून एकमेकांना ओढतात, मध्ये आतडे चिमटते आणि त्याला भोकसुद्धा पडते. चकचकीत, गोळीएवढी चुंबके फार जोरदार असतात, ती तर घरात आणूच नयेत. गिळल्याचा नुसता संशय आला तरी वाट पाहू नये, लगेच दवाखाना गाठावा.

खेळायचे असेल तर पाट खिडकीखाली आहे. चुंबकांचा डबा शोधू नका, ती वर्गाच्या लोखंडी कपाटाला आतून चिकटवली आहेत. सोळा आहेत. मोजून घ्यावीत आणि मोजून ठेवावीत.