परीस आणि पोथी

श्रावणात आमच्या घरी नवनाथांची पोथी लागते. मालुकवींच्या ‘नवनाथ भक्तिसारा’चे चाळीस अध्याय मामंजी नऊ दिवसांत वाचून पुरे करतात, आणि तेवढे दिवस घराची सारी रीतच पालटून जाते. बडोद्यात आमच्या चार पिढ्या गेल्या. दर गुरुवारी घरात रंगावधूत महाराजांची गुजराती दत्तबावनी आणि मराठी आरती एकापाठोपाठ एक म्हटली जाते, आणि त्यात कोणालाच काही वेगळे वाटत नाही. अशा या घरात गेल्या श्रावणात, पारायणाच्या चौथ्या दिवशी, सकाळी गाद्या आवरताना वळकटीतून एक इंग्रजी पुस्तक धपकन् खाली पडले. वेष्टनावर लाल आगगाडीपुढे उभा असलेला एक चष्मेवाला मुलगा. हॅरी पॉटरचा पहिला भाग!

हे पुस्तक पंधरा दिवसांपूर्वीच मैत्रिणीला परत करायला मी धाकटीला सांगितले होते. मामंजींनी ते तिच्या हातात पाहिले होते, आणि “सूनबाई, घरात पोथी लागायची आहे. चेटूक शिकवणारी पुस्तके या दिवसांत तरी नकोत,” एवढेच ते म्हणाले होते. ते कधी आवाज चढवून बोलत नाहीत, म्हणूनच त्यांचे बोलणे मोडवत नाही. धाकटीने “परत केले” असे मला सांगितले होते. अकरा वर्षांच्या त्या पोरीने माझ्याशी केलेले हे पहिले खोटे बोलणे, निदान मला समजलेले पहिले. मला राग आला, पण वळकटी हातात घेऊन उभी असताना मनात आले की हे खोटे तिला पुस्तकाने शिकवले, की आपल्या बंदीने? ते पुस्तक तर आम्ही दोघांपैकी कोणी उघडूनही पाहिले नव्हते.

वाद दूरदेशीचा

हा प्रश्न आमच्याच घरी प्रथम उद्भवला असे नाही. जे. के. रोलिंग या लेखिकेचे हे पहिले पुस्तक 26 जून 1997 रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या आवृत्तीच्या पुठ्ठाबांधणीच्या प्रती अवघ्या पाचशे होत्या. सातवा व अखेरचा भाग 2007 च्या जुलैत निघाला, तोवर जगभरची मुले रात्री जागून ही पुस्तके वाचू लागली होती, आणि अमेरिकेतील अनेक धर्मनिष्ठ ख्रिस्ती आईबापांची झोपही त्याच पुस्तकांनी उडवली होती. 2000 ते 2009 या दशकात त्या देशातील ग्रंथालयांतून जी पुस्तके काढून टाकावीत अशा तक्रारी आल्या, त्यांच्या अमेरिकन ग्रंथालय संघाने केलेल्या यादीत ही मालिका पहिल्या क्रमांकावर आहे.

त्या आईबापांना हसणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. त्यांच्या धर्मग्रंथात, बायबलाच्या जुन्या करारात, जादूटोणा, शकुन पाहणे आणि मृतात्म्यांना पाचारण करणे यांचा स्पष्ट निषेध केलेला आहे. ज्याला देवाचा शब्द म्हणून मान द्यायचा त्यात जे वर्ज्य, तेच ज्या कथेच्या नायकाला शाळेत शिकवतात, ती कथा मुलाच्या हाती कशी द्यावी? हा प्रश्न श्रद्धेने जगणाऱ्या माणसाचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याच्या तऱ्हा मात्र निरनिराळ्या झाल्या. न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो या गावी 30 डिसेंबर 2001 रोजी एका चर्चच्या मंडळींनी ही पुस्तके जाळली. त्यांच्या धर्मोपदेशकाने आपण ती वाचलेली नाहीत हे स्वतःच सांगितले होते. आर्कान्सा राज्यातील सीडरव्हिल येथे पंधरा जणांच्या समितीने ही पुस्तके शाळेच्या ग्रंथालयात राहू द्यावीत असा एकमुखी निर्णय दिला. तरीही शाळामंडळाने 2002 साली तीन विरुद्ध दोन मतांनी ठराव करून, पालकांची लेखी परवानगी असल्याखेरीज ती मुलांना देऊ नयेत असे ठरवले. एका विद्यार्थिनीच्या आईवडिलांनी न्यायालयात धाव घेतली, आणि 2003 च्या एप्रिलमध्ये पुस्तके पुन्हा खुल्या फळीवर ठेवण्याचा हुकूम झाला.

याच्या उलट टोकालाही श्रद्धाळू माणसेच होती. तुरुंगातील कैद्यांमध्ये धर्मकार्य करणारे चार्ल्स कोल्सन यांनी 1999 मध्येच म्हटले होते की या कथांतील जादू यांत्रिक आहे. तीत कोणी भूतपिशाचांना वश करीत नाही. रोममध्येही एकमत नव्हते. पुढे पोप झालेल्या कार्डिनल रात्झिंगर यांनी 2003 साली एका जर्मन लेखिकेला लिहिलेल्या पत्रात तिने या पुस्तकांवर केलेल्या टीकेची वाखाणणी केली, तर त्याच वर्षी व्हॅटिकनच्या एका वार्ताहर बैठकीत एका धर्मगुरूंनी या पुस्तकांत वावगे काही नसल्याचे सांगितले.

गंमत अशी की याच आईबापांपैकी पुष्कळांच्या घरी सी. एस. लुईस यांची नार्नियाची सात पुस्तके आणि टोल्किन यांची ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी मानाने ठेवलेली असे. त्यांतही जादूगार, चेटकिणी आणि बोलणारे प्राणी आहेतच. पण हे दोघे ऑक्सफर्डचे अध्यापक निष्ठावंत ख्रिस्ती, म्हणून त्यांच्यावर विश्वास. रोलिंगबाईंनी सातव्या भागात नायकाच्या आईबापांच्या थडग्यावर बायबलातलेच वचन कोरलेले दाखवले, आणि आपल्या कथेतील ख्रिस्ती सूत्र आपल्याला नेहमीच उघड वाटत आले असे 2007 साली सांगितले, तेव्हा दहा वर्षांचा विरोध होऊन गेला होता. तोपर्यंत फिलिप पुलमन यांची ‘हिज डार्क मटेरियल्स’ ही त्रिखंडी कादंबरी 1995 ते 2000 या काळात प्रसिद्ध झाली होती. तीत धर्मसत्तेलाच उघड आव्हान आहे. पण तिच्याविरुद्ध मोठी ओरड झाली ती 2007 मध्ये चित्रपट आल्यावर. जादूची कांडी दिसताच धावून जाणाऱ्यांच्या नजरेतून विचार निसटला तो असा.

आपल्या घरची जादू

हे सारे वाचल्यावर मी आमच्या देवघराकडे नव्या नजरेने पाहिले. जी पोथी लागली म्हणून हे पुस्तक बाजूला ठेवायचे, त्या पोथीत तरी काय आहे? गोरखनाथ उकिरड्यातल्या भस्मातून जन्माला येतात, मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतून पडतात, अस्त्रांना अस्त्रे भिडतात, शाबरी मंत्राने देवही बांधले जातात. आमच्या पिढीने मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’त दर महिन्याला राजा विक्रमाच्या खांद्यावरचे प्रेत बोलताना ऐकले आहे. तो ‘चांदोबा’ 1952 पासून मराठीत येत असे, आणि बडोद्या-इंदुराकडच्या कित्येक मुलांचे मराठी वाचन त्याच्यावरच पोसले. आता तो बंद पडला. त्याआधीच्या पिढीने कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी गोष्टी आणि नाथमाधवांचा ‘वीरधवल’ वाचला. तेव्हा जादूचे वावडे आपल्याला कधीच नव्हते. आपल्याकडे अद्भुत कथांवर आक्षेप घेतला तो बहुधा सुधारकांनी, मुले भाबडी होतील या भीतीने; भाविकांनी क्वचितच.

आपल्या परंपरेने सिद्धी नाकारली नाही, तिचा मोह नाकारला. पतंजलींनी योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धींचे वर्णन केले आणि तेथेच समाधीच्या वाटेवर त्या विघ्नरूप असल्याचेही बजावले. वाघावर बसून आलेल्या चांगदेवांचे सामर्थ्य थोडे नव्हते, पण भिंत चालवणाऱ्या भावंडांपुढे ते गळून पडले ते त्यामागच्या अहंकारामुळे. म्हणजे आपल्या घरातला प्रश्न ‘कथेत जादू आहे का’ असा नसून ‘ती शक्ती कोणाच्या हाती आहे आणि तो तिचे काय करतो’ असा असायला हवा. पण हे ठरवायचे तर पुस्तक वाचायला हवे. त्याला दुसरा उपाय नाही.

मामंजींचे वाचन

धाकटीला मी रागावले नाही. खोटे बोलण्याबद्दल मात्र दोघींनी बसून बोललो. पारायण संपल्यावर मामंजींना मी सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी वाचल्याशिवाय बोललो, ते चुकलेच. मराठीत मिळते का ते?” मिळते. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने काढलेला मराठी अनुवाद आहे, आणि त्याचे नाव ‘हॅरी पॉटर आणि परीस’. नाव ऐकूनच मामंजींच्या कपाळावरची आठी थोडी सैल झाली. परीस हा शब्द कीर्तनात बसणाऱ्या माणसाच्या जिव्हाळ्याचा. पुण्याहून बहिणीने पुस्तक धाडले, आणि रोज रात्री जेवणानंतर ते चार पाने, सहा पाने असे वाचू लागले.

त्यांना सारेच आवडले असे नाही. मुले शाळेचे नियम मोडतात आणि त्याबद्दल कधी कधी बक्षीसही मिळवतात, हे त्यांना खटकले. मावशीच्या घरची माणसे इतकी दुष्ट दाखवायला नको होती, असेही ते म्हणाले. पण पुस्तकाचा शेवट वाचून ते थांबले. त्या कथेत निकोलस फ्लामेल नावाच्या किमयागाराजवळ परीस आहे. त्याच्या बळावर तो सहाशे पासष्ट वर्षे जगला आहे. खलनायकाला तोच परीस मृत्यू टाळण्यासाठी हवा आहे. शेवटी तो दगड दुष्टांच्या हाती जाऊ नये म्हणून नष्ट केला जातो, आणि म्हातारा फ्लामेल शांतपणे मरण पत्करतो.

मामंजींनी चष्मा काढला आणि मला विचारले, “नामदेवांनी परीस चंद्रभागेत टाकला, ती गोष्ट हिला कोणी सांगितली आहे का?”

कोणीच सांगितली नव्हती. मी नव्हती सांगितली, तिच्या बापाने नव्हती, आणि खुद्द मामंजींनीही नव्हती. पोथी वाचली जात होती, आरती होत होती, पण त्या मुलीला बाजूला बसवून गोष्ट सांगणे कित्येक वर्षांत झाले नव्हते. आमच्या भीतीचे खरे रूप मला तेव्हा कळले. अमेरिकेतल्या त्या आईला वाटत होते की हे पुस्तक निषिद्ध आहे. आम्हाला वाटत होते की ते आमची जागा घेईल. पण जागा रिकामी आम्हीच ठेवली होती. आणि दूर राहणाऱ्या मराठी घरात ती अधिक लवकर रिकामी होते. शाळा इंग्रजी, अंगण गुजराती, मराठी तेवढी स्वयंपाकघरात उरते.

त्या रात्री मामंजींनी महिपतीबुवांच्या ‘भक्तिविजया’तली ती कथा सांगितली. परिसा भागवताच्या बायकोने मैत्रीखातर राजाईला दिलेला परीस, तो कळताच नामदेवांनी नदीत टाकलेला, भागवताचा संताप, आणि मग नामदेवांनी चंद्रभागेतून ओंजळभर खडे काढून ‘तुझा ओळखून घे’ म्हणणे. तो प्रत्येक खडा परीसच! धाकटी ऐकत होती. मग म्हणाली, “पण आबा, फ्लामेलने स्वतःचा परीस दिला. नामदेवांनी तर दुसऱ्याचा टाकला. विचारायला नको होते?” मामंजी हसले, आणि त्या प्रश्नावर दोघे अर्धा तास भांडले. असा वाद आमच्या घरात पुष्कळ दिवसांनी ऐकू आला.

काही सुचवणे

अनुभवाने जे उमगले ते मायभगिनींपुढे ठेवते. मुलाच्या हातातले पुस्तक आधी आपण वाचावे. निदान आरंभ, मध्य आणि शेवट तरी. त्यातल्या जादूपेक्षा त्यातल्या माणसांवर बोलावे: कोण कोणासाठी काय सोडतो, कोणाला काय हवे आहे. दुसऱ्या भागात एक वही आहे. तीत लिहिले की ती उत्तर देते, गोड बोलते, आणि लिहिणाऱ्या मुलीचे मनच काढून घेते. हातातल्या फोनवर अनोळखी माणसांशी गप्पा मारणाऱ्या मुलांना याहून चांगली सावधगिरीची गोष्ट मी सांगू शकले नसते.

वयाचा विचार मात्र सोडू नये. ही पुस्तके नायकाच्या वयाबरोबर गडद होत जातात. चौथ्या भागात एका निरपराध विद्यार्थ्याचा खून होतो आणि स्मशानात रक्ताचा एक भीषण विधी होतो. पहिली तीन पुस्तके अकराव्या वर्षी, चौथे तेराव्या वर्षी, असे आम्ही ठरवले. हा निर्णय आमच्या मुलीपुरता. प्रत्येक घराने आपले मूल ओळखून तो घ्यावा.

आणखी एक. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणले, आणि पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी पाठवल्या. अशा गावात राहून पुस्तक लपवण्याची पाळी मुलावर यावी, हे आपल्याला शोभत नाही.

चौथा भाग आता दिवाणखान्यातल्या उंच फळीवर, सर्वांच्या नजरेसमोर आहे. धाकटीला आमचा निर्णय मान्य नाही. तसे तिने आजोबांना तोंडावर सांगितलेही. त्यांनी ते ऐकून घेतले, पण पुस्तक खाली काढले नाही. रोज संध्याकाळी ती त्या फळीकडे एकदा पाहते, आणि मग पाट घेऊन आबांच्या जवळ गोष्ट ऐकायला बसते.