कार्यक्रमांची यादी आणि तळहातावरचा पडदा

व्यापाऱ्याचे निम्मे भांडवल पेटीत असते आणि निम्मे वेळेत. हुंडीची मुदत चुकली तर पत जाते, तिथी चुकली तर व्रत जाते. म्हणून संस्थेने सभासदांस कोणती सभा, कोणते प्रवचन, कोणता स्नेहमेळावा कोठे व केव्हा आहे हे बिनचूक कळविणे, ही केवळ सोय नसून कर्तव्य होय. या कर्तव्याचे आजचे साधन म्हणजे संकेतस्थळावरील कार्यक्रमांची यादी. ती नव्याने कशी बांधावी, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

पलसाणा तालुक्यातील आपल्या सभासदांची दिनचर्या सर्वांस ठाऊक आहे. सकाळी सुरतेच्या कापडबाजारात, दुपारी कडोदऱ्याकडील रंगाई-छपाईच्या गिरणीत, सायंकाळी पुन्हा महामार्गावर. गंगाधरा स्थानकावरून जाणारी लोहमार्गाची वाट बारडोली, नवापूर, नंदुरबार अशी थेट खानदेशात उतरते. तिच्या दोन्ही टोकांस आपली सोयरीक व देणेघेणे आहे. असा मनुष्य संगणकासमोर बसून यादी वाचीत नाही. तो ती उभ्याउभ्या, एका हाताने, भ्रमणध्वनीवर पाहतो.

लोकांस उपयोगी अशी यादी कशी असावी, याचा धडा मराठी माणसास जुना आहे. सन १९७३ मध्ये जयंतराव साळगावकर यांनी ‘कालनिर्णय’ काढले. पंचांगातील ज्ञान पूर्वीही होते. परंतु ते जाणकारांच्या कोष्टकांत अडकले होते. साळगावकरांनी तिथी, सण व वार दिवसाच्या एका चौकटीत आणून घराच्या भिंतीवर टांगले. ज्ञान तेच राहिले, मांडणी बदलली आणि घराघरांतील गृहिणी स्वतः तिथी पाहू लागली.

संकेतस्थळांची कथाही अशीच आहे. सन १९९१ मध्ये जागतिक जाळे लोकांस खुले झाले, तेव्हा पाने मेजावरच्या रुंद पडद्यासाठी रचली जात. सन २००७ मध्ये आयफोन आला व पडदा तळहाताएवढा झाला. सन २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन रचनाकाराने असे प्रतिपादन केले की, प्रत्येक यंत्रासाठी निराळे पान करू नये. एकाच पानाने पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपली घडी बदलावी. सन २०१५ च्या एप्रिलपासून गूगलनेही भ्रमणध्वनीवर नीट वाचता येणाऱ्या पानांस भ्रमणध्वनीवरील शोधात अग्रक्रम दिला. पुढे सन २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन जाळे खेड्यापाड्यांत स्वस्त झाले.

तरीही अनेक संस्थांच्या स्थळांवर आजही काय आढळते? छापील निमंत्रणपत्रिकेचे छायाचित्र! ते मोठे करावे तर तारीख दिसते, पण स्थळ पडद्याबाहेर जाते. चित्रातील अक्षरे शोधयंत्रास सहसा सापडत नाहीत, आणि अंध सभासदास वाचून दाखविणाऱ्या यंत्रासही ती बहुधा मुकीच राहतात. काही ठिकाणी मजकूर जुन्या देवनागरी टंकांत असतो. तो टंक यंत्रात नसेल तर अर्थहीन चिन्हे उमटतात. युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर मात्र सर्वत्र सारखाच वाचता येतो.

यावरील उपाय आपल्या पेढीतच आहे. मुनीम व्यवहार एकदाच रोजमेळात लिहितो आणि तेथूनच खतावणी करतो. तद्वत् प्रत्येक कार्यक्रमाची नोंद एकदाच, ठरलेल्या रकान्यांत व्हावी: नाव, तारीख, तिथी, वेळ, स्थळ, आयोजक व संपर्क. मग तीच नोंद दिनांकवार, गाववार वा विषयवार आपोआप दिसेल. वेळ बदलल्यास दुरुस्ती एकाच ठिकाणी करावी लागेल. एका पानावर जुनी व दुसऱ्यावर नवी वेळ, असा घोळ राहणार नाही.

आपल्या समाजास तर यात विशेष दक्षता हवी. संवत्सरी मूर्तिपूजक श्वेतांबर सामान्यतः भाद्रपद शुद्ध चतुर्थीस, तर स्थानकवासी पंचमीस पाळतात. दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासून सुरू होते. म्हणून कार्यक्रम कोणत्या परंपरेचा, हे नोंदीत स्पष्ट असावे. नवकारसी सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी येते, चौविहार सूर्यास्तापूर्वी करावयाचा असतो. आणि जळगावी सूर्य सुरतेपेक्षा सुमारे ११ मिनिटे आधी उगवतो व मावळतो. सुरतेची वेळ पाहून जळगावच्या आजीबाई जेवावयास बसल्या तर त्यांचे व्रत कोण सांभाळणार? वेळेसोबत गाव लिहिलेच पाहिजे. तसेच सायंकाळच्या मेळाव्यात भोजन सूर्यास्तापूर्वी आहे की नाही, हे यादीतच कळावे. ते पाहूनच पुष्कळ कुटुंबे निघावयाचे की नाही ते ठरवितात.

वृद्ध सभासदांचा विचार प्रथम व्हावा. अक्षर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ असे प्रमाण असावे, हा सन २००८ चा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. फिक्या पिवळ्यावर सोनेरी अक्षरे कितीही शोभली तरी ती त्यात बसत नाहीत. कळा अंगठ्याने सहज दाबता येतील एवढ्या असाव्यात. पान उघडताच आजचा व उद्याचा कार्यक्रम दिसावा. पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे त्याखाली आली तरी त्यांच्या मानास उणेपणा येत नाही. होऊन गेलेले कार्यक्रम निराळ्या दप्तरात ठेवावेत.

रचना पूर्ण झाली की तिची परीक्षा कारागिराने नव्हे, सभासदांनी करावी. एका आजोबांस, एका गृहिणीस व गिरणीतील एका तरुण कारकुनास भ्रमणध्वनी देऊन पुढच्या रविवारचा कार्यक्रम शोधावयास सांगावे आणि आपण मुकाट्याने पाहावे. जेथे त्यांचे बोट अडखळेल, तेथे दोष रचनेचा समजावा, त्यांचा नव्हे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, यादीस एक जबाबदार माणूस नेमावा. न लिहिलेला रोजमेळ कितीही सुंदर पुठ्ठ्यात बांधला तरी तो कोराच. सभासदांनीही आपापल्या गावचे कार्यक्रम वेळेवर कळवावेत, एवढीच आमची नम्र विनंती आहे. जय जिनेंद्र!