पायांना घाई, लगाम मागाहून

१९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली यांनी डोकेदुखी थांबावी म्हणून वर्तनाच्या अडचणी असलेल्या मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध दिलं. डोकेदुखी फारशी हटली नाही. पण ३० पैकी १४ मुलं आठवडाभरात अभ्यासाला अशी लागली की शिक्षक थक्क झाले. मुलं त्या गोळ्यांना गणिताच्या गोळ्या म्हणू लागली!

उत्तेजक औषधानं चंचल मूल स्थिर कसं होतं? औषधानं डोपामिन वाढतं, आणि मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग अधिक नीट काम करू लागतो. २००७ मध्ये फिलिप शॉ आणि सहकाऱ्यांनी एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) असलेल्या २२३ आणि नसलेल्या २२३ मुलांच्या मेंदूंची तुलना केली. मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी शिखराला पोचायला एडीएचडीत सरासरी साडेदहा वर्षं लागली, इतरांना साडेसात. उशीर सर्वांत जास्त त्या पुढच्या भागातच. हालचालींचा भाग मात्र किंचित आधी तयार झालेला. पाय पळायला सज्ज, लगाम मागाहून येणार! ज्या मुलाला आपण ‘वाह्यात’ म्हणतो, त्याच्या डोक्यात हे चाललेलं असू शकतं.

पण उपाय लागू पडला की मूल वयानंच शांत झालं, हे ठरवायचं कसं? अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांची यादृच्छिक पद्धतीनं चार गटांत वाटणी झाली: औषध, वर्तनोपचार, दोन्ही, आणि नेहमीचे उपचार. औषधाची मात्रा ठरवताना रोज वेगवेगळा डोस दिला जाई, कधी नुसती बिनऔषधी गोळी. आज काय दिलंय हे पालकांना आणि शिक्षकांना ठाऊक नसे. किती सुंदर प्रामाणिकपणा! १९९९ मध्ये निकाल आला. १४ महिन्यांनी मूळ लक्षणांवर औषधाचे गट सरस ठरले, आणि दोन्ही उपचार मिळालेल्यांना कमी मात्रा पुरली. तीन वर्षांनी मात्र गटांतला फरक उरला नाही.

म्हणजे साथ दीर्घकाळ द्यावी लागते, आणि ती घरातून. २००७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या गोव्यातल्या एका अभ्यासात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांना दिसलं, की बऱ्याच पालकांना हा आजार वाटतच नव्हता. बरेच जण शाळेनं पाठवलं म्हणून आले होते. माझ्या मते खरं काम इथेच आहे. एका वेळी एकच सूचना, छोटं काम, लगेच शाबासकी, हे वर्तनोपचाराचं सूत्र. पण मुंबईत घाटकोपरच्या एका खोलीत, टीव्ही आणि पाहुण्यांच्या गलबल्यात, ते कसं टिकतं हे तिथेच तपासायला हवं.

शाळेतून तक्रार आली तर रागावण्याआधी मुलाला एकदा डॉक्टरांना दाखवून या. मुलुंड-घाटकोपरकरांना सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय जवळ, अंधेरी-बोरिवलीकरांना कूपर.