निवृत्तीनंतरचे गाव : दोघांनी निवडा, पण कसोटी एकटीची लावा!

घरातले माणूस साठीला टेकले की एका संध्याकाळी चहाच्या कपाबरोबर एक वाक्य हमखास कानावर येते. "आता पुरे झाली ही मुंबई! एखादं लहानसं गाव बघू, बैठं घर घेऊ, दारात चार झाडं लावू." हे बोलणारे बहुधा आपले 'हे' असतात. आपण हातातली भाजी निवडता निवडता "बघू" म्हणतो आणि विषय तिथेच राहतो. मग पुढच्या सुट्टीत जागा बघणे सुरू होते, आणि आपल्या त्या "बघू"चा अर्थ 'हो' असा केव्हा झाला, ते आपल्यालाही कळत नाही.

मरोळसारख्या उपनगरात तर हा विषय आता घरोघरी आहे. एम.आय.डी.सी. आणि १९७३ साली सुरू झालेले सीप्झ यांच्या आधाराने कितीतरी कुटुंबे इथे आली, दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये संसार केले, मुले शिकवली. मरोळ नाक्यावर २०१४ साली मेट्रो आली, २०२४ साली भुयारी मेट्रोही आली. जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. ज्या ब्लॉकमध्ये पाहुणा आला की गादी कुठे घालायची हा प्रश्न पडे, त्याला आज मोठी किंमत येते. ब्लॉक विकला तर गावी ऐसपैस घर होईल आणि वर बँकेत चार पैसेही राहतील. हिशेब वरवर पाहता अगदी चोख!

पण त्या हिशेबात एक गोष्ट धरलेली नसते. आपल्याकडे नवरा बहुधा बायकोपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असतो; आणि बायकांचे आयुष्यमान पुरुषांपेक्षा थोडे जास्तच असते. या दोन्हींची बेरीज करा. म्हणजे हौसेने घेतलेल्या त्या घरातली शेवटची काही वर्षे बहुतेक तुम्हालाच एकटीने काढायची आहेत. हे बोलणे अभद्र वाटेल, पण आज बोललेले बरे. गाव दोघांनी मिळून निवडावे, पण "पंचाहत्तराव्या वर्षी मी इथे एकटी राहू शकेन का?" हा प्रश्न विचारल्यावाचून निवडू नये.

आधी मरोळचा हिशेब मांडा

नवीन गाव बघायला निघण्याआधी एक कागद घ्या आणि मरोळमध्ये तुम्हाला काय काय मिळते, ते लिहून काढा. खाली उतरले की वाणी. औषधवाला फोनवर गोळ्या घरपोच देतो. पाच मिनिटांवर तुमची प्रकृती ठाऊक असलेला डॉक्टर. मेट्रोत बसले की एका बाजूला अंधेरी, दुसऱ्या बाजूला घाटकोपर. समोरच्या घरात तुमची किल्ली ठेवलेली. भिशीच्या मैत्रिणी, हळदीकुंकवाच्या ओळखी, आणि "काय हो, दोन दिवस दिसला नाहीत?" असे विचारणारी भाजीवाली.

यातले काहीही खरेदीखतात लिहिलेले नसते आणि ब्लॉकच्या किमतीत धरलेले नसते. पण ब्लॉक विकला की हे सारे त्याच्याबरोबर जाते. म्हणून कागदावर प्रत्येक गोष्टीपुढे लिहा, नव्या गावात हे काम कोण करील? जिथे जागा रिकामी राहील, तिथे नीट विचार करा.

रात्री दोनची कसोटी

सीप्झच्या आवारात १५७९ साली बांधलेल्या एका चर्चचे अवशेष आजही आहेत. १८४०च्या सुमारास साथ आली, तेव्हा तिथले लोक जागा सोडून मरोळला आले. घर हलवताना प्रकृतीचा विचार आधी करावा, हे आपल्या आधीच्या मरोळकरांनाही कळले होते!

म्हणून गावातली हवा कशी आहे, हे विचारताना आणखी एक प्रश्न विचारा. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर काय? जवळचे चांगले रुग्णालय किती किलोमीटरवर आहे? तिथे हृदयाचा डॉक्टर रोज असतो, की आठवड्यातून एकदा शहरातून येतो? १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४पासून आहे. पण त्या गावात ती कुठून येते आणि किती वेळात पोहोचते, हे तिथल्या लोकांनाच विचारावे. सत्तर वर्षांवरील सर्वांना २०२४ सालापासून आयुष्मान योजनेत पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. पण ते यादीतल्या रुग्णालयातच. त्या भागातली कोणती रुग्णालये यादीत आहेत, ते आधी बघून ठेवा.

या कसोटीला उतरणारे गाव म्हणजे मिरज. तिथे १८९४ साली डॉ. विल्यम वॉनलेस यांनी रुग्णालय काढले, १९६२ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि औषधोपचारासाठी कर्नाटकातूनसुद्धा माणसे मिरजेला येऊ लागली. रेल्वेचे मोठे जंक्शन, सतारी-तंबोऱ्यांचे कारागीर, उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणारी गाण्याची मैफल. म्हातारपणी जीव रमायलाही पुष्कळ! समुद्र नाही, डोंगर नाहीत, उन्हाळा कडक; म्हणून सहलीला जाणाऱ्याला मिरज आठवत नाही. पण सहलीचे गाव वेगळे आणि राहण्याचे गाव वेगळे.

गाव जुलैत बघा

आपण गाव बघायला केव्हा जातो? दिवाळीत किंवा मे महिन्यात. डिसेंबरातले कोकण बघून कोणाचेही मन फिरेल! पण घर बारा महिन्यांचे असते.

दापोलीचेच घ्या. हवा छान, १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, शिकल्या-सवरल्या लोकांची वस्ती. इंग्रजांची छावणी होती म्हणून जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. पलटणीतल्या वयस्क शिपायांना तिथे ठेवीत. म्हणजे उतारवयाला मानवणारे गाव ही त्याची ख्याती जुनीच! पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या पैठणीला बुरशी धरते, भिंतीला ओल येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा या भागातली माडा-पोफळीची बागच्या बाग आडवी झाली, घरांची कौले-पत्रे उडाले, आणि कितीतरी गावांत अनेक दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही. सत्तरीच्या बाईने विहिरीवरून कळशी आणायची का? म्हणून कोकणात घर घ्यायचेच, तर हाताने पाणी काढता येईल अशी सोय आणि ते काढून देणारे माणूस, दोन्ही बघून घ्या.

पुराचेही तसेच. चिपळूणला २००५ साली पाणी भरले होते. २२ जुलै २०२१ रोजी तर बाजारपेठेत घरांचे तळमजले बुडाले. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ असे तीनदा कृष्णेचे पाणी बघितले. 'जवळच बरे' म्हणून बदलापूर-वांगणीकडे वळलात, तर २७ जुलै २०१९ आठवा. उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस तिथेच अडकली होती आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. याचा अर्थ ही गावे वाईट असा नव्हे. सगळे गाव बुडत नाही. उंचावरचे भाग कोरडे राहतात. जागा दाखवणाऱ्याला विचारू नका, शेजारच्या घरातल्या आजींना विचारा, "त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं?" त्या भिंतीवरची खूण दाखवतील. नगरपालिकेत पूररेषेचा नकाशा मागा. जागा पूररेषेच्या आत असेल, तर स्वस्त मिळाली तरी नको!

कडी कोण वाजवील?

गावाबाहेरचा बंगला, भोवती मोकळे रान, अशी जाहिरात फार सुरेख दिसते. पण गाडी चालवणारे माणूस गेले, की तोच बंगला तुरुंग होतो. आपल्यापैकी कितीजणी गाडी चालवतात? तेव्हा घर असे हवे, की वाणी, दूध, औषधे, बँक, देऊळ आणि डॉक्टर हे सारे दहा-पंधरा मिनिटांत पायी गाठता यावे, आणि वाटेत चढ नसावा.

या दृष्टीने वाईसारखे गाव बघण्यासारखे आहे. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, जुने वाडे, सारे चालण्याच्या टप्प्यात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोशाचे काम याच गावात उभे केले. वसंत व्याख्यानमाला आहे, वाचनाची आवड असलेली वस्ती आहे. म्हणजे परक्या बाईला चार ओळखी व्हायला जागा आहे. मोठ्या दुखण्याला मात्र साताऱ्याला नाहीतर पुण्याला जावे लागते, रेल्वे गावात नाही, आणि मुंबईकरांची घरे वाढल्याने किमतीही वाढल्या आहेत. असे जमा-खर्चाचे दोन रकाने प्रत्येक गावाचे करा.

आणि शेजार बघा. दोन दिवस दार उघडले नाही, तर कडी कोण वाजवील? ज्या वसाहतीत सगळीच घरे शनिवार-रविवारी येणाऱ्या शहरवाल्यांची आहेत, तिथे सोमवारी दिवेसुद्धा लागत नाहीत. तिथे एकटीने राहायचे नाही.

मुलाबाळांची वाट

मुले अडीअडचणीला किती तासांत पोहोचतील, हे त्यांनाच विचारा, आपण गृहीत धरू नका. कर्जत-बदलापूर असेल तर मरोळहून मेट्रोने घाटकोपर आणि तिथून लोकल, एवढेच. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८पासून सुरू झाला, पण दापोलीकराला खेड स्टेशनावर उतरून पुढे वळणांचा रस्ता आहेच. एस.टी.त बायकांना मार्च २०२३पासून निम्मे तिकीट सुरू झाले, आणि पंचाहत्तरी पार केलेल्यांना त्याआधीच, ऑगस्ट २०२२पासून, प्रवास मोफत झाला. तेव्हा एस.टी.चे थांबे असलेले गाव बाईमाणसाला केव्हाही सोयीचे.

कागद तुमच्या नावाचे

"आपलं गावचं घर आहे की!" असे म्हणणारे घरोघरी असतात. पण सात-बाराच्या उताऱ्यावर किती नावे आहेत ते बघितले का? चुलते, चुलत दीर, आणि कायद्याने नणंदांचाही हिस्सा. सामाईक घरावर आपली पुंजी खर्च करण्याआधी वाटणीचे कागद झाले पाहिजेत.

नवी जागा घेताना ध्यानात ठेवा, की महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला १९४८च्या कुळकायद्याप्रमाणे परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तेव्हा "सध्या शेती आहे, पुढे बिनशेती करून देऊ" या गोड बोलण्यावर जाऊ नका. वकिलाकडून कागद तपासून घ्या.

घरावर तुमचे नाव हवेच. त्यात लाजण्यासारखे किंवा अविश्वासाचे काही नाही. राहते घर केवळ स्त्रीच्या नावाने घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२१पासून लागू केला. 'नॉमिनी लावलंय' एवढ्यावर निर्धास्त राहू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. दोघांनीही मृत्युपत्र करून ठेवावे. आणि मायेपोटी घर मुलांच्या नावे करायचे ठरवलेच, तर बक्षीसपत्रात 'आम्हाला सांभाळावे' ही अट स्पष्ट लिहा. तशी अट असली आणि मुलांनी ती पाळली नाही, तर २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याप्रमाणे न्यायाधिकरणाकडे जाऊन ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते.

एक पावसाळा भाड्याने

या सगळ्यावर साधा उपाय आहे. मरोळचा ब्लॉक लगेच विकू नका. अकरा महिन्यांच्या कराराने तो भाड्याने द्या आणि त्याच भाड्यात मनातल्या गावी घर भाड्याने घ्या. अकरा महिन्यांत पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही अनुभवून होतात. त्यात आठ-दहा दिवस यजमानांना मुलाकडे धाडा आणि त्या घरात एकट्या राहून बघा. सिलिंडर कोण आणून देतो, फ्यूज गेला तर कोण येतो, संध्याकाळी दिवेलागणीला मन कसे होते, हे त्या आठ-दहा दिवसांत पुरते कळेल. जमले, तर आनंदाने ब्लॉक विका. नाही जमले, तर मरोळचे दार उघडे आहे. गेले ते थोडे सामान हलवण्याचे पैसे.

निघण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

१. रात्री रुग्णालयात किती वेळात पोहोचता येईल, आणि नेणार कोण?
२. पाणी कुठवर आले होते, आणि वीज जास्तीत जास्त किती दिवस गेली होती?
३. उन्हाळ्यात प्यायचे पाणी रोज येते का?
४. औषधे आणि किराणा पायी आणता येईल का?
५. आजूबाजूला बारा महिने राहणारी किती घरे आहेत?
६. न्हाणीघर आणि शौचालय तळमजल्यावर, घरातच आहे का? फरशी निसरडी नाही ना?
७. कागदावर माझे नाव आहे का?

या सात प्रश्नांची उत्तरे मिळेतो पुढच्या खेपेला "बघू" म्हणू नका. "आधी हे प्रश्न बघू" असे म्हणा. यजमान जरा कुरकुरतील. पण तुमच्या काळजीने त्यांनाही रात्री झोप लागत नसते, हे तेव्हा कळेल. मग दोघे मिळून शोधलेले गाव, ते मिरज असो, वाई असो की पुन्हा आपले मरोळच असो, दोघांनाही मानवेल.