घरच्या विमानाची चाके

घरी बांधलेल्या विमानाचा विषय निघाला की बोलणे पंख आणि इंजिन यांच्याभोवतीच फिरते. चाकांची विचारपूस कोणी करीत नाही. वस्तुतः बांधणाऱ्याची कसोटी पुष्कळदा जमिनीवरच लागते. यांपैकी अनेक विमानांचे पुढचे चाक मोकळे फिरणारे असते आणि जमिनीवर सावकाश चालताना वळायचे ते डाव्या वा उजव्या चाकाचा ब्रेक निरनिराळा दाबून. त्यामुळे एक ब्रेक निकामी झाला की थांबणे तर राहतेच, दिशाही हातची जाते.

दुरुस्ती दिसावयास साधी. चाक उतरवावे, बेअरिंगमधील जुने ग्रीस धुऊन नवे भरावे, झिजलेले लायनिंग काढून नवे रिव्हेट करावे. अ‍ॅक्सल किंचित वाकला तरी टायर एकाच बाजूने झिजू लागतो, म्हणून टायरकडे आधी पाहावे. नट आवळायचा तो बेअरिंग नीट बसेल आणि तरीही चाक मोकळे फिरेल इतकाच. त्यात घालावयाची कॉटर पिन नवी, जुनीच सरळ करून घेतलेली नव्हे. तेलाचे प्रकरण याहून नाजूक. या ब्रेकमध्ये बहुधा लाल रंगाचे खनिज तेल असते आणि आतल्या रबरी कड्या त्याच तेलाला मानवणाऱ्या असतात. ‘तेलासारखे तेल’ म्हणून कोणी मोटारीचे ब्रेक ऑइल ओतले, तर त्या कड्या फुगून मऊ पडतात आणि ऐन उतरण्याच्या वेळी पेडल पायाखाली नुसते दबत जाते.

मग हे काम कोणी करावे? अमेरिकेत १९५३ साली मिलवॉकी येथे पॉल पोबेरेझ्नी यांनी हौशी विमानबांधणाऱ्यांची संघटना स्थापन केली. तेथील कायदा असा, की हौशी बांधणीच्या विमानाची देखभाल कोणीही करावी. वार्षिक तपासणीवर सही मात्र परवानाधारक तंत्रज्ञाची, अथवा खास प्रमाणपत्र मिळविलेल्या मूळ बांधणाऱ्याची. विमान विकले तर नव्या मालकाला विमान मिळते, ते प्रमाणपत्र मिळत नाही! ही मोकळीक धोक्याची नाही काय? आहे, म्हणूनच ‘प्रायोगिक’ हा शब्द विमानावर ठळक अक्षरांत लिहावा लागतो.

आपल्याकडे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर सहा आसनी विमान उभे केले, २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि नोंदणी २०१७ मध्ये, दीर्घ खटपटीनंतर झाली. दोष एकट्या नियमांचा नाही. ब्रेकचे गणित सोडविणारे विद्यार्थी आपल्याकडे विपुल. ब्रेक खोलून पाहिलेले विरळा. एका तंत्रनिकेतनात एक जुने चाक आणि एक नोंदवही ठेवण्यास असा काय खर्च येणार? विद्यार्थ्याने चाक खोलावे, जोडावे, केलेले काम लिहून खाली स्वतःची सही करावी, आणि पुढच्या वर्षीच्या तुकडीने तीच नोंद हाती घेऊन ते चाक तपासावे.